लवकर विसरणारा रेकॉर्डर

ताबाय ह्या आमच्या डोंगरातल्या गावात, चढावरच्या गल्लीत पहिला कॅमेरा लागला ते साल २०१२. साल पक्कं लक्षात राहण्याचं कारण असं, की त्याच्या आदल्याच डिसेंबरात दोन्या एर्मिंदाच्या, म्हणजे एर्मिंदाबाईंच्या, मागच्या अंगणातून भरलेला गॅस सिलिंडर चोरीला गेला होता, आणि त्याबरोबर दोरीवर वाळत घातलेली चादरही. चादर बहुधा सिलिंडर झाकून न्यायला घेतली असावी. एर्मिंदाला राग आला तो चादरीचा. सिलिंडर काय, कंपनीचा असतो. चादर तिच्या आईची होती.

एर्मिंदा तेव्हा एकाहत्तर वर्षांची होती. नवऱ्याला जाऊन नऊ वर्षं झालेली. अंजिराची आणि दुधाची मिठाई करून ती खाली चौकातल्या दुकानांना द्यायची, त्यावर तिचं आणि पाच कोंबड्यांचं बरं चालायचं. एकुलता एक मुलगा नेरियो रात्रभराच्या प्रवासावर, वालेन्सियात, टायरच्या कारखान्यात नोकरीला. चोरीची बातमी त्याच्यापर्यंत कशी पोचली कोण जाणे, पण जानेवारी उजाडला आणि त्याचा फोन आला.

"आई, आता पुरे झालं. तुम्ही इकडे या."

"येऊन काय करू? तुमच्या सातव्या मजल्यावर कोंबड्या कुठे ठेवू?"

"कोंबड्या आणायच्या नाहीत."

"मग मीही येत नाही."

आमच्या डोंगरातली माणसं एकमेकांना 'तुम्ही' म्हणतात. आई मुलाला म्हणते, नवरा बायकोला म्हणतो. भांडणात आवाज चढतो, पण 'तुम्ही'चं 'तू' होत नाही. कुत्र्याला हाकलायचं झालं तरी 'व्हा बघू बाहेर' असंच. त्यामुळे त्या दिवशी मायलेकांचं जे वाजलं ते शेजाऱ्यांना एखाद्या समारंभातल्या भाषणांसारखं ऐकू गेलं असेल.

शेवटी नेरियो म्हणाला, "बरं. मग घराला कॅमेरे लावा. नुसते शोभेचे नाहीत, रेकॉर्डरही घ्या, सगळं टिपून ठेवणारा. दोन फेब्रुवारीला मी येतो आणि स्वतः बसून बघतो. तुम्ही दार उघडल्याशिवाय बाहेरचं एक माणूस जरी घरात शिरलेलं दिसलं, तर घराला कुलूप आणि तुम्ही माझ्याबरोबर. नाही दिसलं, तर हा विषय मी जन्मात काढणार नाही. कबूल?"

"कबूल! आणि पैसे माझे. तुमचा एक बोलिवार नको मला."

तिने फोन आपटला, पदार्थाला बरोबर मीठ पडावं तसं समाधान तिला वाटलं, आणि ती वळली. समोरच्या कोपऱ्यात नाताळचा जन्मदेखावा, गव्हाणी, मांडलेली होती. शेवाळाचे डोंगर, मातीचे मेंढपाळ, आणि मधोमध गवतावर निजलेलं वीतभर लाकडी बाळ.

"अरे देवा," एर्मिंदा म्हणाली. "तुम्ही तर राहूनच गेलात."

नाताळला निजवलेलं हे बाळ दोन फेब्रुवारीच्या आत उभं करायचं असतं. त्याचा मोठा सोहळा, व्हायोलिन, मेणबत्त्या, रुमालाची चार टोकं धरणारे चार धर्मपालक. आणि जोवर बाळ उभं राहिलेलं नाही, तोवर शेजाऱ्यांना ते चोरायची मुभा असते. मुभा कसली, चोरावंच अशी अपेक्षा असते. ज्याचं बाळ गेलं त्याने सोहळ्याच्या दिवशी गात गात दारोदार ते शोधायचं, चोराच्या घरी ते सापडायचं, आणि मग वाजतगाजत घरी आणून सगळ्या गल्लीला खाऊपिऊ घालायचं. एर्मिंदाच्या घरी बाळ उभं राहायचं ते मुदतीच्या शेवटच्या दिवशीच, तिच्या सासूपासूनची रीत होती. त्यामुळे चोरांना भरपूर सवड मिळे. लग्न होऊन ती ह्या घरात आल्यापासून बाळ एकतीस वेळा गेलं होतं. त्यातल्या सव्वीस वेळा चोर एकच. बेलार्मिनो, समोरच्या घरातला सुतार, नेरियोला बाप्तिस्म्याला धरणारा त्याचा धर्मपिता, पाद्रिनो, म्हणून एर्मिंदाचा कोम्पाद्रे आणि ती त्याची कोमाद्रे.

आता तुम्ही म्हणाल, सरळ त्याला सांगायचं ना, की कोम्पाद्रे, यंदा चोरू नका. एका वाक्याचं काम.

पण ते वाक्य आमच्याकडे कुणी उच्चारत नाही. दोनच प्रकारच्या घरांतून बाळ चोरत नाहीत. एक, जिथे नुकतं कुणी गेलं आहे ते घर. आणि दुसरं, ज्याच्याशी गल्लीने संबंध तोडलाय ते. दुसऱ्या प्रकारातलं एकच घर एर्मिंदाने पाहिलं होतं, कोपऱ्यावरचं. त्या माणसाने भांडून सगळ्यांचं पाणी तोडलं होतं. अकरा वर्षं त्याचं बाळ कुणी उचललं नाही, अकरा वर्षं त्याने ते एकट्यानेच उभं केलं, आणि बाराव्या वर्षी घर विकून तो निघून गेला. म्हणजे बेलार्मिनोला 'चोरू नका' म्हटलं तर घर वाचेल, पण मग ह्या गल्लीत राहायचं कुणासाठी? आणि न म्हटलं तर बेलार्मिनो येणार, कॅमेरा त्याला टिपणार, आणि एर्मिंदा सातव्या मजल्यावर. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

तशीच जड मनाने ती दुसऱ्या दिवशी बसने मेरिदाला गेली. बाजारामागे शफीकचं विजेच्या सामानाचं दुकान होतं. शफीकचे आजोबा सिरियाहून कापडाचं गाठोडं घेऊन आले होते. शफीक मात्र मेरिदातच वाढलेला, आमच्यासारखाच अदबीने बोलणारा.

"या दोन्या, बसा. काय दाखवू?"

"चोर टिपणारं यंत्र. स्वस्तातलं."

"किती कॅमेऱ्यांचं? चार, आठ, सोळा?"

"सोळा? अहो, माझ्या घरात खोल्या तीन. कोंबड्या धरल्या तरी आम्ही सोळा होत नाही."

शफीकने एक चकचकीत खोका पुढे सरकवला. "मग हा बघा. आवाजासकट टिपतो. आत मोठी डिस्क आहे, महिनाभराचं सगळं लक्षात ठेवतो."

"आणि महिन्यानंतर?"

"मग सगळ्यात जुनं पुसतो आणि त्या जागी नवं लिहितो. आपोआप."

एर्मिंदा खुर्चीत पुढे सरकली. "पुसतो म्हणजे? परत दिसत नाही?"

"नाही ना. म्हणून तर मोठी डिस्क घ्यावी."

"आणि लहान घेतली तर?"

"हा दुसरा पंधरा दिवसांचा आहे."

"त्याहून लहान?"

"हा आठवड्याचा. पण खरं सांगतो, हा मी कुणाला घ्या म्हणत नाही. माणूस चार दिवस गावाला गेला, यायला उशीर झाला, की—"

"त्याहून लहान."

शफीकने चष्मा काढून शर्टाला पुसला. "दोन्या, बावीस वर्षं मी ह्या गल्ल्यावर बसतोय. जास्तीत जास्त किती दिवस राहतं, असं सगळे विचारतात. कमीत कमी किती, असं विचारणाऱ्या तुम्ही पहिल्याच. तुम्हाला चोर पकडायचाय की सोडवायचाय?"

"दोन्ही. सिलिंडरचा पकडायचाय. बाळाचा सोडवायचाय."

दुसरा कुणी असता तर त्याने पोलिसांना बोलावलं असतं. शफीक मेरिदाचा होता, त्याने फक्त विचारलं, "कोण नेतं तुमच्याकडे?"

"माझा कोम्पाद्रे. आणि मुलगा दोन तारखेला सगळं बघायला येतोय." मग तिने अट सांगितली, अगदी 'कबूल' म्हणून फोन आपटला तिथपर्यंत.

"फोन आपटायला नको होता," शफीक म्हणाला.

"तेवढं मलाही कळतं."

तो आत गेला आणि धूळ बसलेला एक करडा डबा घेऊन आला. "हा एका बेकरीवाल्याने परत केलेला. चार कॅमेरे लागतात, आवाज टिपत नाही, आणि डिस्क एवढीशी. तीन दिवसांचं लक्षात ठेवतो. चौथ्या दिवशी ह्याला स्वतःचं नाव आठवणार नाही."

एर्मिंदाने त्या डब्यावरून बोट फिरवलं. नवरा बघायला गेलेल्या मुलीला पसंत पडावा, तसा तो तिला पसंत पडला. "किती?"

"दोन कॅमेरे धरून अकराशे."

"नऊशे. मुका आहे तो."

"मुका आहे म्हणून तर अकराशे."

"आणि विसरभोळा आहे त्याचे काही कमी नाहीत?"

"त्याच्यासाठीच तर तुम्ही घेताय!" शफीक हसायला लागला. सौदा साडेनऊशे आणि अंजिराच्या मिठाईची एक बरणी असा ठरला.

परतीच्या बसमध्ये तिने हिशेब मांडला. बेलार्मिनो यायचा तो वीस तारखेच्या सान सेबास्तियानच्या सणानंतरच्या आठवड्यात. तोवर व्हायोलिनवाला क्रिसान्तो बाकीच्या घरच्या सोहळ्यांतून मोकळा होत नसे आणि क्रिसान्तोशिवाय बेलार्मिनो चोरी करत नसे. म्हणजे बावीस ते सत्तावीस तारखेच्या मध्ये केव्हातरी. तिथून तीन दिवस. फार तर तीस तारखेला रेकॉर्डर सगळं विसरलेला असेल. दोन तारखेला नेरियोने खुशाल बघावं. कोंबड्या दिसतील.

चार दिवसांनी शफीक स्वतःच शिडी आणि वायरींची गुंडाळी घेऊन आला. एक कॅमेरा त्याने दारावर लावला, एक बैठकीत. रेकॉर्डर टीव्हीखालच्या फळीवर बसवला. एर्मिंदा स्वयंपाकघरात गव्हाच्या आरेपा, म्हणजे जाडसर रोट्या, भाजत होती.

"दोन्या, मी असं लावून दिलंय की काही हललं तरच हा टिपेल," तो आतूनच ओरडला. "उगाच दिवसभर भिंतीचं चित्र काढत बसणार नाही."

"बरं केलंत," तिने तिकडूनच सांगितलं. यंत्राला कमी काम म्हणजे विजेचं बिल कमी, असं तिने मनाशी ठरवलं आणि आरेपा उलटली.

संध्याकाळी बेलार्मिनो नवलाई बघायला आला. त्याला तेव्हा शहात्तरावं होतं, पण टोपी एखाद्या नवरदेवासारखी तिरकी.

"काय हो कोमाद्रे, छताला वटवाघूळ लटकलंय का?"

"कॅमेरा आहे तो. नेरियो ह्यातून घर बघणार आहे." ह्याहून जास्त तिला सांगता येत नव्हतं. एवढ्याने शहाण्याने काय ते समजावं, जपून यावं, निदान तोंड झाकून यावं, अशी तिची आशा.

"वालेन्सियातून?"

"तर काय."

"आत्तासुद्धा?"

पण तेवढ्यात दूध उतू जायला लागलं आणि ती आत पळाली. बेलार्मिनोने त्याचा अर्थ 'हो' असा घेतला. जाताना उंबऱ्यावर तो वळला, टोपीला हात लावला आणि हलकेच मान झुकवली. एर्मिंदाला वाटलं, आपल्यालाच.

चोवीस तारखेला, मंगळवारी, ती नेहमीप्रमाणे मिठाई द्यायला चौकात गेली. दोन तासांनी येऊन बघते तो गव्हाणीतलं गवत चेपलेलं आणि बाळ नाही. बाळाच्या जागी ओतिलियाच्या, म्हणजे बेलार्मिनोच्या बायकोच्या अक्षरात एक चिठ्ठी: 'बाळ सुखरूप आहे. तुमच्या शेगडीवरचे वाटाणे खाली लागत होते, उतरवून ठेवलेत.'

एर्मिंदा बराच वेळ एकटीच हसली. वाटाणे तिच्या पार डोक्यातून गेले होते. मग तिने बोटं मोजली. पंचवीस, सव्वीस, सत्तावीस. अठ्ठावीस तारखेला सकाळी ती टीव्हीखाली वाकली आणि त्या करड्या डब्याला म्हणाली, "झालं ना? विसरलात ना? शाबास."

बेलार्मिनो मात्र त्या आठवड्यात घुश्शात दिसला. समोरून आला तरी 'कशा आहात' एवढंच, तेही कोरडं. चोराला असं वागावंच लागतं, नाहीतर संशय येईल, म्हणून तिने ते मनावर घेतलं नाही.

दोन तारखेला भल्या सकाळी नेरियो बसमधून उतरला. एर्मिंदाने त्याला बटाटा, दूध आणि अंडं घातलेलं गरम सूप दिलं. त्याने दोन वाडगे संपवले, तोंड पुसलं आणि रिमोट हातात घेतला.

"बघू या?"

"बघा की. मला काय."

तो बटणं दाबत गेला आणि टीव्हीवर एक लांबलचक यादी उमटली. एर्मिंदाला आकडे नीट दिसेनात. "कुठपासूनचं आहे ते? परवापासूनचं असेल ना?"

"नाही, पहिल्या दिवसापासून सगळं आहे."

"असं कसं होईल? तो तीन दिवसांत विसरतो."

नेरियोने मागे वळून तिच्याकडे पाहिलं. "सतत टिपत राहिला असता तर तीनच दिवस पुरला असता. हा हललं तरच टिपतो. आणि ह्या घरात हलतं कोण, आई? तुम्ही आणि कोंबड्या. महिना काय, ह्याला दोन महिने पुरेल." मग जरा थांबून, "पण तुम्हाला कसं माहीत, तीन दिवसांत विसरतो ते?"

एर्मिंदा झाडू शोधायला उठली. झाडू तिच्या हातातच होता.

नेरियो एकेक दिवस पळवत निघाला. एर्मिंदा केर काढताना. एर्मिंदा कोंबडीला बाहेर जायची विनंती करताना. एर्मिंदा टीव्हीसमोर तोंड उघडं टाकून झोपलेली. "हे पुसा बरं," ती म्हणाली. मग तारीख आली चोवीस. आणि दार उघडलं.

आधी ओतिलिया आली. तिने पायपुसण्यावर चपला नीट पुसल्या. तिच्यामागून बेलार्मिनो. आणि तो होता लग्नाच्या काळ्या कोटात, केस पाण्याने चापूनचोपून बसवलेले. गव्हाणीकडे न जाता तो सरळ कॅमेऱ्याखाली येऊन उभा राहिला, टोपी काढून छातीशी धरली, वर पाहिलं आणि बोलायला लागला. चांगला पाच-सहा मिनिटं बोलला. मध्येच कानामागे हात लावून ऐकल्यासारखं करी, मान डोलावी, पुन्हा बोले. त्याचं झाल्यावर व्हायोलिन काखेत धरून क्रिसान्तो पुढे झाला, त्यानेही टोपी काढली आणि दोन वाक्यं बोलला. शेवटी ओतिलिया आली. तिने पिशवीतून एक विणलेला इवलासा स्वेटर काढला आणि कॅमेऱ्यासमोर उलटासुलटा करून दाखवला. मग तिघंही गुडघे टेकून बसली, क्रूसाची खूण केली, बाळ रेशमी रुमालात गुंडाळलं, आणि ओतिलिया एकदम नाक फेंदारून स्वयंपाकघराकडे धावली. ते वाटाणे. जाताना बेलार्मिनो टोपी विसरला. परत आला, टोपी उचलली आणि आता आलोच आहोत तर म्हणून पुन्हा एकदा वर बघून निरोप घेतला.

अंगणात कोंबडी ओरडली.

"काय बोलतायत ते?" नेरियोने विचारलं.

"मला काय माहीत? आवाजाचा महाग होता."

नेरियोने ते पुन्हा पहिल्यापासून लावलं. एर्मिंदा त्याच्या मानेकडे बघत उभी राहिली. बापासारखीच मान, काही कळू न देणारी. दुसऱ्यांदा बघून झाल्यावर ती म्हणाली, "अट ती अट. मी सोहळा करून घेते. उद्या सामान बांधीन. कोंबड्या ओतिलियाला देईन."

नेरियोने तिच्याकडे लक्षच दिलं नाही. "समोरच्या दाराने?" तो टीव्हीला म्हणाला. "भर दिवसा? कोट घालून? ही काय चोरी झाली? आम्ही मागच्या भिंतीवरून यायचो. क्रिसान्तोकाकांच्या घरातून बाळ आणलं तेव्हा माझा दात पडला होता, तरी तोंडातून आवाज काढला नाही मी. आणि हे बघा, व्हायोलिन घेऊन आलेत! चोरीला कुणी व्हायोलिन आणतं?"

"ते कुठेही घेऊन जातात, अंघोळीलासुद्धा."

"आई, ते काय बोलत होते हे मला कळलंच पाहिजे."

चार वाजता गल्ली दारात जमली. मुलींना पंख लावून देवदूत केलेलं, मेणबत्त्या पेटलेल्या. एर्मिंदा पुढे आणि नेरियो तिच्या शेजारी, अशी सगळी गात निघाली. रिवाजाप्रमाणे आधी चार चुकीची दारं ठोठावली. चारही घरांनी शपथेवर सांगितलं, बाळ आमच्याकडे नाही. मग समोरचं दार. ते उघडलं आणि बेलार्मिनो दिसला, हातावर रुमालात बाळ. ह्या वेळी चोराने हसायचं असतं. बेलार्मिनो हसला नाही. नेरियोला पाहून त्याचं तोंड आणखीनच आंबलं.

"आलात?" तो म्हणाला. "आता वाचा फुटेल तुम्हाला. त्या दिवशी फुटली नाही."

गाणं थांबलं. नेरियो गोंधळला. "कोणत्या दिवशी, पाद्रिनो?"

"कोणत्या दिवशी! मी तुमच्यासमोर टोपी काढून उभा राहतो, तुमची, बायकोची, पोरांची चौकशी करतो, आणि तुम्ही हूं की चूं करत नाही? नऊ दिवस मी झोपलेलो नाही. तुमचा बाप असा नव्हता हो. त्याला रस्त्याच्या पलीकडून हाक मारली तरी हातातलं टाकून उत्तर द्यायचा. ओतिलियाने तुमच्या धाकट्याचा स्वेटर दाखवला, चांगला आहे म्हणायला काय पैसे पडत होते?"

"अहो, मी त्यात नव्हतो," नेरियो म्हणाला. "ते नुसतं टिपून ठेवतं. मी आज सकाळी पाहिलं, आणि त्याला आवाजच नाही."

बेलार्मिनोने हळूच एर्मिंदाकडे पाहिलं. "नव्हता? मग कोमाद्रे, मी कुणाशी बोललो?"

"डब्याशी," एर्मिंदा म्हणाली.

क्रिसान्तो भिंतीला टेकून इतका हसला की त्याला व्हायोलिन दुसऱ्याकडे द्यावं लागलं. "मी म्हटलं होतं! पण मला म्हणे, उत्तर नाही म्हणजे परवानगी आहे!"

नेरियोने डोक्यावरची टोपी काढली. वालेन्सियातून येताना घातलेली, कारखान्याचं नाव लिहिलेली टोपी. "पाद्रिनो, चूक माझी. आता समोर उभा आहे. पुन्हा सांगाल का?"

बेलार्मिनोने घसा खाकरला. हातात बाळ असल्यामुळे त्याला हात हलवता येत नव्हते, म्हणून तो मानच हलवत राहिला. "आधी विचारलं, पोरं कशी आहेत. मग म्हटलं, सिलिंडर कुणी नेला ते कळलेलं नाही, पण मागच्या भिंतीवर मी डिसेंबरातच काचा बसवल्या आहेत, तिकडून आता कुणी येत नाही."

"म्हणून समोरून आलात होय!"

"मग? माझ्याच काचांवरून मी चढू? या वयात?" गल्ली हसली, तसा त्याला चेव आला. "मग म्हटलं, आईची काळजी करू नका. त्यांची खिडकी सहाला उघडते. साडेसहापर्यंत उघडली नाही की ओतिलिया काहीतरी मागायला जाते. मीठ, नाहीतर साखर. तुमचा बाप गेल्यापासून असंच आहे. आणि शेवटी म्हटलं, बाळ नेतोय, परवानगी असावी. एवढंच."

एर्मिंदा ओतिलियाकडे बघत राहिली. नऊ वर्षं ती मनात म्हणत आली होती, काय बाई वेंधळी आहे, हिच्या घरात मीठ म्हणून कधी नसतं.

"आमच्याकडे मीठ पुष्कळ आहे," ओतिलिया ओशाळून पुटपुटली. "एक अख्खं पिंप भरलंय."

नेरियोने बाळ आपल्या हातात घेतलं, रुमाल सारखा केला. मग आईकडे वळून, जरा मोठ्यानेच, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आई, मी सगळं नीट बघितलं बरं का. दोनदा बघितलं. बाहेरचं कुणी घरात आलेलं मला दिसलं नाही."

एर्मिंदाने मान हलवली. मग ती एकदम सगळ्यांवर खेकसली, की उभे काय राहिलात, मेणबत्त्या संपत चालल्यात, चला.

त्या संध्याकाळी रुमालाचं एक टोक नेरियोने धरलं, एक बेलार्मिनोने. बाळ उभं राहिलं. क्रिसान्तोने व्हायोलिन इतकं बेसूर वाजवलं की देवदूत झालेल्या मुली कानांत बोटं घालून बसल्या. केक आणि वाईन पुरली. उरली नाही.

नेरियोने तो विषय पुन्हा कधी काढला नाही. २०१७ मध्ये कारखाना बंद पडला आणि तो बायकोमुलांसह चिलीला गेला. आता सान्तियागोत एका गोदामात आहे, त्याचा धाकटा तिथल्या मुलांशी बोलताना 'तुम्ही' म्हणतो आणि ती त्याला हसतात. शफीकने २०१२ साली ही हकिगत इतक्या गिऱ्हाइकांना ऐकवली, की ताबायहून आणखी सहा जणी कमीत कमी दिवसांचा रेकॉर्डर मागत आल्या. पुढे दुकान पुतण्याला देऊन तो मुलीकडे पनामाला गेला. क्रिसान्तो २०१५च्या पावसाळ्यात, दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या गेला. त्याचं व्हायोलिन चर्चमध्ये ठेवलंय, वाजवणारा अजून मिळालेला नाही. ओतिलिया २०२०मध्ये गेली. तेव्हापासून एर्मिंदा सकाळी बेलार्मिनोच्या दारावर जाते, काय मागायचं ते ठरवून. बेलार्मिनोला आता डोळ्यांनी जवळजवळ काहीच दिसत नाही. गेल्या जानेवारीत बाळ चोरायला आला तर त्याला गव्हाणी सापडेना, तेव्हा एर्मिंदानेच त्याचा हात धरून तिथवर नेलं आणि मग सभ्यपणे स्वयंपाकघरात जाऊन थांबली.

गल्लीतली सात घरं बंद आहेत. एर्मिंदाचं उघडं आहे. अधूनमधून शहरातून कुणीतरी येतं, घर विकायचं का विचारतं. ती त्यांना आधी बसवते, कॉफी देते, कुठून आलात, घरी कोण कोण असतं ते सगळं विचारून घेते, आणि मग नाही म्हणते.